शेपूट थांबलं!

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त टवाळी करायला वाचत आलोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये "तुमचा मुळातच विश्वास असणार" असं कुणी लिहायला नको. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. मूळचा नाशिकचा, पण अर्धं आयुष्य सौदीत गेलं — जुबैलला, एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये. गेज खोटं बोलतंय की पाइपात खरंच काही गडबड आहे, हे शोधून काढणं हा माझा धंदा. बहुतेक वेळा गेजच खोटं बोलत असतं. घरी बायको संकष्टी करते आणि मी मोदक खातो, माझी श्रद्धा तेवढीच. तरीही गेल्या हिवाळ्यात सौदीतल्याच खैबरच्या ज्वालामुखीवर जे झालं, ते डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितोय.

आधी माणसं सांगतो. नाशिकला इंजिनियरिंगला आम्ही चौघं — मी, पक्या, सत्या आणि अव्या. खरी नावं मिलिंद, प्रकाश, सतीश, अविनाश. पण ती फक्त मार्कशीटवर. रविवार आला की आम्ही डोंगरात. अंजनेरी, हरिहर, रतनगड, साल्हेर... खिशात एसटीच्या भाड्यापुरते पैसे आणि पिशवीत भाकरी-ठेचा. पुढे मी, कारण वाट मला कळते असा माझा समज होता. माझ्यामागे पक्या, त्याच्यामागे सत्या, आणि सगळ्यात शेवटी अव्या.

अव्या आमच्यात सगळ्यात दमदार, म्हणूनच तो शेवटी. त्याचं म्हणणं, "पुढे कुणीही चालेल रे, मागे राहायला दम लागतो." त्याला आम्ही शेपूट म्हणायचो आणि तोही स्वतःला शेपूटच म्हणायचा. कुणाची चप्पल तुटली, कुणाला चक्कर आली, कुणी मागे रेंगाळलं, की मागून अव्याची आरोळी यायची — "शेपूट थांऽऽऽबलं!" ती ऐकली की ज्याचा पाय जिथे असेल तिथे त्याने उभं राहायचं आणि "थांबलो रे!" म्हणून ओ द्यायची. बस, एवढाच नियम. ओरडून झालं की तो हमखास एकदा खाकरायचा. घसा त्याचा कायम धरलेला असे, आणि त्या खाकरण्याची नक्कल आम्ही कॉलेजभर करत हिंडायचो.

दगडाचं त्याला वेड होतं. कुठेही बसला की दगड उलटून बघणार. "हा अख्खा सह्याद्री म्हणजे लाव्हा आहे मिल्या. थरावर थर, गार झालेलं पिठलं. आपण गार पिठल्यावर चढतोय. एकदा गरम पातेलं बघायचंय मला." पुढे आम्ही तिघं एकामागून एक सौदीत आलो. मी आणि सत्या जुबैलला, पक्या तिकडे लाल समुद्राकडे, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत. अव्या नाशिकलाच राहिला, रस्त्यांची कामं घ्यायचा. दर फोनला शिव्या ठरलेल्या — "गाढवांनो, तुमच्या अंगणात ज्वालामुखी आहेत आणि तुम्ही वीकेंडला मॉलमध्ये ट्रॉली ढकलता!" टुरिस्ट व्हिसा सुरू झाला तेव्हा त्याने पासपोर्ट काढला. नवे बूट घेतल्याचा फोटो पाठवला. मग कोविड आला.

दुसऱ्या लाटेत अव्या गेला. विमानं बंद होती. पक्याने कंपनीत हातापाया पडून पाहिलं, मी ओळखी काढल्या, पण काही उपयोग झाला नाही. तिकडेही अव्याच्या बायकोला, अंजू वहिनींना, आणि पोराला लांबून दाखवलं म्हणे, आणि खांदा द्यायला आमच्यापैकी कुणी नाही. मला वाटतं, माणूस गेलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत कुठेतरी पटतच नाही. किती महिने मी ज्वालामुखीचा एखादा व्हिडिओ दिसला की अव्याला फॉरवर्ड करायला जायचो. सत्याचं सगळ्यात वाईट. तो अव्याचा रूम पार्टनर, चारही वर्षं एकाच स्टोव्हवर चहा केलेला. बातमी आली त्या दिवशी तो मुकाट ड्यूटीवर गेला, आणि नंतर त्याने अव्याचं नाव म्हणून घेतलं नाही. आम्ही विषय काढला की उठून जायचा. ना रडला, ना बोलला. वहिनींना फोनसुद्धा केला नाही.

गेल्या वर्षी पक्याचा फोन आला, "फायनल एक्झिट घेतोय भो. आता जळगावला जाऊन केळी लावतो." म्हणजे तिघांचीही पांगापांग होणार. मी म्हटलं, जायच्या आधी अव्याचं ते राहिलेलं काम करून टाकू. पक्या लगेच तयार. सत्याला मी मुद्दाम अव्याचं नाव न घेता विचारलं. तो म्हणाला, "रजा टाकतो." त्याला कळलं नसेल असं थोडंच आहे.

मग टूर निवडायचा कार्यक्रम. तो तर आठवडाभर चालला. माझी मुलगी ईशा लॅपटॉप घेऊन बसायची आणि आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर भांडायचो. पहिली टूर ताइफकडच्या अल-वाहबा विवराची — एसी बस, बुफे, कड्यावर सेल्फी. पक्याने ती एका वाक्यात उडवली, "तिथे लाव्हा नाही, नुसती वाफ फुटली होती. अव्या म्हणाला असता, फुसका बार." दुसरी भलतीच पॉश. तंबूत गाद्या, तारे बघायला दुर्बीण, आणि किंमत बघून सत्या म्हणाला, "एवढ्यात मी डोंगर विकत घेईन." तिसरी एका स्थानिक गाइडची. नाव फहद. त्याच्या पानावर चार हललेले फोटो आणि खाली फक्त दोन शब्द — वुई वॉक. ईशा म्हणाली, "बाबा, धिस लुक्स सो अनप्रोफेशनल." आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, हीच!

खैबरचा हा ज्वालामुखींचा पट्टा झोपलेला आहे, मेलेला नाही. भूगर्भवाले त्याला जिवंतांतच धरतात. फहदही तेच म्हणाला — "स्लीपिंग, सदीक. नॉट डेड." सदीक म्हणजे दोस्त. मी आणि सत्या दम्मामहून विमानाने अल-उलाला उतरलो, पक्या त्याच्या गाडीने आला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच फहदने आम्हाला त्याच्या लँड क्रूझरमध्ये कोंबलं. चाळिशीचा, हसरा माणूस. डॅशबोर्डवर खजुराचा डबा, मागे गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास. जरा वेळ झाला की डबा मागे यायचा, आणि नको म्हटलं की त्याला खरंच वाईट वाटायचं.

काय सांगू तुम्हाला त्या जागेबद्दल! डांबरी रस्ता सुटला आणि दोन्हीकडे काळा दगड सुरू झाला. नजर जाईल तिथपर्यंत काळा. मधेच दोन डोंगर पांढरेफेक, पीठ सांडल्यासारखे, आणि त्यांच्या शेजारी काळाभोर जबल किद्र, आम्हाला चढायचा तो ज्वालामुखी. पक्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होता, "अरे हे तर मालेगाव-मनमाड रोड वाटतंय राव!" आणि खरंच, दगड तोच. आपल्या जात्याचा, पाट्याचा, देवळाच्या पायरीचा दगड. परदेशात इतकी वर्षं काढली, पण पायाखाली ओळखीचं काही आहे असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. सत्यासुद्धा खाली उतरला की एक-एक दगड उलटून बघत होता... ती सवय कुणाची, हे मी बोललो नाही.

किद्र चढताना तिघांची भंबेरी उडाली. भुसभुशीत काळी खडी, दोन पावलं वर टाकली की एक खाली. पक्याचं पोट, माझा गुडघा, सत्याची शुगर. फहद वर उभा राहून टाळ्या वाजवायचा, "यल्ला शबाब, यल्ला!" आम्हाला शबाब, म्हणजे तरुण म्हणणारा जगात तो एकटाच असेल. पण काठावर पोचलो आणि सगळं विसरलो. खाली खोल खड्डा, आतल्या भिंती तांबूस-काळ्या, आणि बाहेरच्या उतारावरून निघालेले लाव्ह्याचे ओघळ पार लांबवर गेलेले, जणू कालच थिजलेत. मी इतका खूश कितीतरी वर्षांत झालो नव्हतो. आम्ही काठावर फतकल मारून बसलो. पक्याच्या बायकोने दिलेली भाकरी आणि ठेचा निघाला. फहदने ठेचा चाखला, पाणी प्यायला आणि परत मागितला.

आणि तिथे पक्याच्या तोंडून निघून गेलं — "अव्या असता ना, तर आज खाली उतरून आत बोट घालून बघितलं असतं त्याने."

मी हसलो. सत्याने हातातला घास डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि उठून लांब जाऊन उभा राहिला. सकाळी इन्सुलिन घेतलेला माणूस, आणि पोटात दोन घाससुद्धा नीट नाहीत. हे लक्षात यायला हवं होतं, पण त्या क्षणी त्याला हटकायचं धाडस मला झालं नाही.

उतरायच्या वेळी वारं सुटलं. फहदने डोक्यावरचा शेमाग, म्हणजे तो चौकड्यांचा रुमाल, तोंडाला गुंडाळला आणि म्हणाला, "मी पुढे राहून वाट दाखवतो, खडी घसरते. वन स्ट्राँग मॅन लास्ट, ओके?" आम्ही तिघं म्हणालो, "ओके." आणि काहीही न ठरवता फहदच्या मागे मी, माझ्यामागे पक्या, त्याच्यामागे सत्या असे चालू लागलो. तीच आमची जुनी ओळ. कुणाच्या मनातही आलं नाही की ओळीचा शेवटचा माणूस आता नाही. आमच्यात मागे वळून बघायची सवयच कुणाला नव्हती. कधी गरजच पडली नव्हती!

वारा समोरून, खालून वर येत होता आणि बारीक काळी धूळ उडवत होता. मान खाली घालून, कानावरून मफलर ओढून आम्ही उतरत होतो. खडीचा करकर आवाज आणि वारा, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. लाव्ह्याच्या एका उंच ओघळाला वळसा घालून आम्ही खाली आलो आणि...

"शेपूट थांऽऽऽबलं!"

मागून. वरून. स्वच्छ.

मंडळी, मी थांबलो. विचार करून नाही. अंगालाच तेवढं माहीत होतं. माझ्या मागच्या पक्याचा एक पाय हवेत होता, तो त्याने तसाच खाली ठेवला. आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "थांबलो रे!"

ओरडल्यावर मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. पक्याचा चेहरा पांढरा पडला होता. फहद आपला खाली चालतच होता, त्याने काही ऐकलं नव्हतं. आमची ओरड ऐकून तो वळला. पक्या कसंबसं म्हणाला, "सत्या... सत्या असली मस्करी करायचा नाही भो." मी वळून बघितलं. पक्याच्या मागे कुणीच नव्हतं.

त्या चढावर मी कसा पळालो, माझ्या गुडघ्याला विचारा. ओघळाच्या पलीकडच्या अंगाला, वाटेपासून बाजूला, दोन दगडांच्या बेचक्यात सत्या बसलेला. त्या गार वाऱ्यात घामाने निथळत होता, हात थरथरत होते, डोळे उघडे पण ओळख नाही. शुगर पार खाली गेलेली. फहद आमच्या मागोमाग पोचला, त्याने खजूर बोटाने चुरून सत्याच्या गालात सारला, पक्याने ज्यूसचं टेट्रापॅक फोडून घोट-घोट पाजलं. मी नुसता त्याचा हात धरून "सत्या, ए सत्या" करत होतो. आणखी थोडं खाली गेलो असतो, तर त्या धुळीत आणि तसल्या एकसारख्या ओघळांमध्ये तो कुठे शोधला असता, देव जाणे.

हळूहळू त्याची नजर स्थिर झाली. बोलता यायला लागल्यावर मी पहिलं हेच विचारलं, "ओरडला होतास का तू?"

"मी?" त्याची जीभ अजून जड होती. "तोंडच उघडत नव्हतं रे. तुम्ही पुढे गेलेले दिसत होता, हाक मारायची होती... जमेना. मग तुमचं ऐकलं, 'थांबलो रे.' म्हटलं, चला, बघितलं वाटतं यांनी."

"आणि त्याच्या आधी? काही ऐकलंस?"

"नाही. काय?"

पक्याने माझ्याकडे बघितलं आणि सावकाश विचारलं, "मिल्या, नंतर खाकरलेलं ऐकलं का तू?"

ऐकलं होतं. मी ते त्याला सांगितलं नव्हतं.

आता सत्याला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पक्याने सांगितलं. सत्या ऐकत राहिला, मग त्याचा चेहरा कसातरीच झाला आणि तो रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा, "अव्या, अव्या" करत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून आलं. आम्ही दोघंही मग त्याला धरून रडलो. बिचाऱ्या फहदला वाटलं माणूस दगावतोय की काय. त्याला इंग्लिश-हिंदी-अरबी कालवून कसंबसं समजावलं की आमचा एक मित्र वारलाय, खूप आधी, त्याच्यासाठी रडतोय. त्याने हात छातीवर ठेवला, त्याच्या पद्धतीने दुआ पुटपुटला, आणि काही न विचारता थर्मास उघडला.

तेव्हापासून मी हे गेज तपासतोय. वाऱ्याचा आवाज म्हणावा, तर वारा समोरून होता; मागची हाक आमच्यापर्यंत यायलाच नको. उलट आमची ओ सत्यापर्यंत गेली, ते बरोबर आहे. लाव्ह्याच्या पोकळ्यांमधून वारा चित्रविचित्र वाजतो असं फहद म्हणाला. वाजत असेलही, पण मराठीत? ईशाचं म्हणणं, "बाबा, योर ब्रेन मेड इट अप." मान्य. एका सेन्सरने चुकीचं रीडिंग दिलं तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही, दुसरा लावतो. पण इथे दुसरा सेन्सर माझ्या शेजारीच उभा होता, आणि त्याचं रीडिंग खाकरण्यापर्यंत तेच. सत्याला मात्र, जो सगळ्यात जवळ होता, काहीच ऐकू आलं नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर खाली जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

त्या रात्री हॉटेलवरून सत्याने अंजू वहिनींना फोन लावला. दार लावून बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही.

पण एक सांगायचं राहिलं. सत्या चालण्याजोगा झाला, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. फहदने त्याला आपल्या मागोमाग घेतलं, मग पक्या. शेवटी मी राहिलो. मी म्हटलं, "व्हा पुढे, मी आहे मागे." आयुष्यात पहिल्यांदा मी ओळीच्या शेवटी चालत होतो. समोर सत्याच्या पाठीवर घामाने चिकटलेला शर्ट, पक्याचं टक्कल, त्याची जरा फेंगडी चाल. पुढे चालणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. अव्या इतकी वर्षं हेच बघत होता — आमच्या पाठी. पाय कुणाचा घसरतो, दम कुणाला लागलाय, सगळं त्याला आधी कळायचं ते यामुळे.

डोंगर पाठीशी होता. माझ्यामागे खडी वाजतेय असं मला वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. मान वळवायचीच बाकी होती.

पण स्मशानातून परतताना मागे वळून बघायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी पक्याच्या टकलावर नजर ठेवली आणि गाडीपर्यंत सरळ चालत गेलो.